कुलूपघरासमोर रोवलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. चेस्टनटच्या लाकडाची, अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर लांब, वरून हुकासारखी वाकलेली आणि खाली लोखंडी टोक असलेली. अंगावर पाच छोटे पितळी बिल्ले ठोकलेले आहेत. त्यांतले दोन आता इतके झिजले आहेत की त्यांवरचे काही वाचता येत नाही.

मित्रांनो, काठी म्हटली की तुम्हांला आधार आठवतो. लोक मला पाहून हेच म्हणतात. पण खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यातला बराचसा काळ भीतीत गेला. काठीला सगळे जाणवते. जमीन कुठे पोकळ आहे, हात कधी घामेजला आहे, चालणारा कधी दमला आहे, हे तिला त्याच्याआधी कळते. फक्त तिला तोंड नसते. कळूनही सांगता न येणे यासारखी दुसरी भीती नाही.

माझा जन्म फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका डोंगराळ गावी झाला. गावाची वस्ती एकशे चाळीस. १९८९ च्या हिवाळ्यात तिथल्या सुताराने मला झाडावरून तोडले आणि आणखी तीस फांद्यांबरोबर माळ्यावर वाळत ठेवले. माळ्याच्या बरोबर खाली त्याची शेगडी होती. दर काही दिवसांनी तो शिडी चढून यायचा, एकेकीला उचलून डोळ्यासमोर धरायचा आणि जी वाकडी वाळली असेल तिला खाली टाकायचा. खालून तडतड आवाज यायचा. दोन वर्षांनी आम्ही अकरा जणी उरलो. मग त्याने मला वाफेवर मऊ केले, वाकवले, आठ दिवस दोरीने बांधून ठेवले आणि टोकाला लोखंड बसवले. १९९१ मध्ये मला गावच्या शाळेतल्या बाईंनी विकत घेतले. त्यांचे नाव ओदील. गावात सगळे त्यांना मादाम ओदील म्हणत.

मादाम ओदील एप्रिल ते ऑक्टोबर दर रविवारी पाहुण्यांना गाव आणि आजूबाजूचा परिसर दाखवायला नेत. अंतर अकरा किलोमीटर, वेळ चार तास. झऱ्याच्या काठी, छप्पर असलेल्या कपडे धुण्याच्या जुन्या घाटापासून आम्ही निघायचो. मग बाराव्या शतकातले छोटे चर्च. मग नदीवरचा दगडी पूल. पुलाखालून मुले निमुळत्या होड्यांतून ओरडत वल्ही मारत जायची आणि आम्हांला पाणी उडवायची. पुढे ओकच्या जंगलातून चढण आणि वर पडका किल्ला. किल्ला म्हणजे तीन भिंती आणि कुठेही न पोहोचणारा एक जिना. परत येताना एक गुहा लागायची. लढाईच्या काळात गावकरी तिथे लपून बसले होते, असे बाई सांगायच्या, आणि तिथे आल्यावर बडबडी मुलेसुद्धा हळू आवाजात बोलायची. या पाच जागांचे पाच बिल्ले माझ्या अंगावर आहेत.

ऑक्टोबर १९९८ मधला एक रविवार मला विसरता येत नाही. आम्ही सहा पाहुण्यांसह किल्ल्यावर होतो. दहा मिनिटांत नदीवरून धुके चढले आणि स्वतःचा हात दिसेनासा झाला. बाई पुढे झाल्या. त्या मला टेकवत, आवाज ऐकत चालू लागल्या. दगड. दगड. दगड. गवत. आणि मग काहीच नाही. माझे टोक हवेत गेले. खाली चाळीस मीटर खोल कडा होता. मी ओरडू शकत नव्हते. बाईंचे मनगट मात्र जागच्या जागी थिजले आणि त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “सगळे खाली बसा.” दोन तास सातही जण एकमेकांच्या बाह्या धरून ओल्या गवतावर बसले. धुके विरले तेव्हा कड्याची धार बाईंच्या बुटापासून हातभर अंतरावर होती.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आमच्या दोघींचा फोटो छापून आला. खाली लिहिले होते, सहा जणांना वाचवणारी काठी. ती बातमी चुकीची होती. मी कुणाला वाचवले नव्हते. बाईंनी ऐकले होते, एवढेच.

२०२२ च्या फेब्रुवारीत मादाम ओदील मला घेऊन विमानाने अमिरातीत आल्या. त्यांचा मुलगा दुबईत नोकरीला होता. त्याचे घर लहान, म्हणून बाई तीन आठवडे अजमानच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात राहिल्या. तिथे स्वागतकक्षात हर्बर्ट रुमाव नावाचा माणूस काम करायचा. वसईजवळच्या एका गावचा. तेरा वर्षे इथे नोकरीला होता. वाळूत बाईंचे पाय रुततात हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिले आणि ड्यूटी संपली की तो त्यांना हात देऊन पाण्यापर्यंत नेऊ लागला. बाई त्याला पूल, किल्ला, गुहा यांच्या गोष्टी सांगायच्या. तो त्यांना वसईच्या किल्ल्याच्या सांगायचा. जाण्याच्या दिवशी बाईंनी मला काउंटरवर आडवे ठेवले आणि म्हणाल्या, “माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत. हिचे अजून चढतील. हिला डोंगर दाखव.”

हर्बर्टने छातीवर हात ठेवून हो म्हटले. आणि मला शारजाच्या अल नहदा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, चौदाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या दारामागे पोछ्याशेजारी उभे केले.

तिथे मी तेवीस महिने होते. त्याचा मी दोष काढत नाही. माणसे सकाळी सहाला बसच्या रांगेत उभी राहायची आणि रात्री परत यायची, डोंगर कोण दाखवणार? बाल्कनीबाहेर एसीच्या खोक्यावर पडलेले कपडे ओढायला हर्बर्टची बायको डेझी मला वापरायची. चौदा मजल्यांवरून खालचा रस्ता दिसायचा आणि तिच्या ओल्या हातातून मी सुटेन, या विचाराने माझा जीव जायचा. नाताळच्या नाटकात त्यांची मुलगी एलिशा बिशप झाली. तेव्हा मी बिशपचा दंड झाले. एलिशा नऊ वर्षांची. घरातली मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तरे ती इंग्रजीतच द्यायची. बाकीचे दिवस एसीच्या कोरड्या हवेत मी वाळत होते.

शेवटी मला बाहेर काढले ते एका बाचाबाचीने. हर्बर्टचा मित्र वासुदेव समोरच्याच इमारतीत राहायचा. मालवाहतूक कंपनीत ट्रक सोडण्याचे काम करायचा. त्याने डोंगरात सहल ठरवली आणि हर्बर्टला फोनवर चालण्याच्या नव्या काठ्यांचे चित्र पाठवले.

“दोनशे दिरहम,” हर्बर्ट म्हणाला. “जोडी नाही हां, एक.”

“दोनशे म्हणजे साडेचार हजार रुपये!” डेझी किचनमधून ओरडली. “एका काठीला? आणि दारामागे जी उभी आहे ती काय फॅशनला ठेवलीय? त्या म्हातारीला शब्द दिलायस ना तू?”

अशी मी तेरा जानेवारी २०२४, शनिवारी, सकाळी साडेसातला गाडीत बसले.

दोन गाड्या होत्या. एकीत हर्बर्ट, डेझी आणि एलिशा. दुसरीत वासुदेव, त्याची बायको अर्चना आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा तनिष. पण एलिशा कुठल्या गाडीत असेल याचा नेम नसायचा. तनिषकडे टॅब असायचा, म्हणून एलिशा नेहमी वासुदेवच्या गाडीत. दोघांचे भांडण झाले की ती आपल्या गाडीत परत. त्यासाठी वासुदेवने ऑफिसातला नियम सहलीला लावला होता. निघताना प्रत्येक गाडीने ग्रुपवर ‘ऑल इन’ टाकायचे. दोन्ही गाड्यांचे आले की यल्ला, म्हणजे चला, सुटायचे.

“माझे बेचाळीस ट्रक रोज याच्यावर चालतात,” वासुदेव सांगायचा.

“ट्रकमध्ये पोती असतात रे,” डेझी म्हणायची. “ती उठून दुसऱ्या ट्रकात जात नाहीत.”

सगळे हसायचे. मीही तेव्हा हसले असते.

रास अल खैमाच्या डोंगरात, कच्च्या रस्त्याच्या शेवटी, एक जुने दगडी गाव आहे. तिथले लोक कित्येक वर्षांपूर्वी खाली नव्या वस्तीत राहायला गेले. वर आता उतरणीच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेते आहेत, पाणी साठवायचा कोरडा हौद आहे, टेकडीवर टेहळणीचा बुरूज आहे आणि वीसेक घरे आहेत. त्यांतली काही अर्धी जमिनीत गेलेली. जाड भिंती, गुडघाभर उंचीचे दार, आत अंधार. लोक डोंगर उतरून समुद्राकडे जायचे तेव्हा धान्य अशा घरांत ठेवून दाराला मोठे कुलूप लावायचे. म्हणून अरबीत त्यांना कुलूपघर म्हणतात.

तेवीस महिन्यांनी माझ्या टोकाला दगड लागला. काय सांगू, मला आनंद झाला. हर्बर्ट मला टेकत बुरुजावर चढला आणि त्याने माझा फोटो काढून मादाम ओदीलना पाठवायला ठेवला. तिथे फोनला रेंज नव्हती. दुपारी चटई पसरून डेझीचे पाव-मटण आणि अर्चनाची थालीपिठे खाऊन मोठी माणसे आडवी झाली. मुले लपाछपी खेळू लागली. एलिशा मला घेऊन गेली.

पावणेचारला तनिषवर राज्य होते. एलिशा सर्वांत वरच्या कुलूपघरात सरपटत शिरली, मला आत ओढून घेतले आणि तोंडावर हात ठेवून बसली. बाहेर तनिषचे आकडे ऐकू आले. पन्नासपर्यंत. मग काही नाही.

पुढचे मला नंतर, गाडीतल्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्यांनी कळले. तनिषने दोन घरांत डोकावले, कंटाळला आणि गाडीत जाऊन टॅब लावून बसला. चार वाजून वीस मिनिटांनी मोठी माणसे सामान आवरून आली. अर्चनाने विचारले, “एलिशा कुठेय रे?” त्याने स्क्रीनवरून डोळे न काढता सांगितले, “शी इज मॅड ॲट मी. शी इज इन हर कार.” अर्चनाने ‘ऑल इन’ टाकले. पुढच्या गाडीत डेझीने मागे पाहिले. सीट रिकामी. म्हणजे नेहमीसारखी तनिषकडे. तिनेही ‘ऑल इन’ टाकले. रेंज नसल्याने दोन्ही संदेश अडकून राहिले, पण दोघींनी खिडकीतून एकमेकींना अंगठा दाखवला. गाड्या सुटल्या.

आत आम्ही दोघी. एलिशा आधी खुदखुदत होती. मग ती थांबली. मग तिने हळूच हाक मारली, “तनिष? आय विन, ओके?”

मला इंजिनांचा आवाज दगडातून जाणवला होता. दोन गाड्या, एकामागोमाग. मला ते तिला सांगता आले नाही.

ती बाहेर आली तेव्हा खाली मोकळ्या जागेत फक्त टायरांच्या खुणा होत्या. ती हसली. तिला वाटले, सगळे मिळून लपले आहेत. “नॉट फनी, डॅडी!” ती ओरडली. समोरच्या डोंगराने तिचाच आवाज परत दिला. ती धावत खाली गेली, धावत वर आली. हौदात वाकून पाहिले. मग ती रडू लागली. रडताना ती मला दोन्ही हातांनी इतके घट्ट धरून होती की तिच्या नखांच्या खुणा लाकडावर उमटल्या.

सूर्य डोंगरामागे गेला. आकाशात उजेड होता, पण गावावर सावली आली आणि वारा गार झाला. बाटलीत तीन घोट पाणी होते. ते तिने एकदम पिऊन टाकले. मग तिने गाड्यांची वाट सोडून दरीकडे उतरणारी पायवाट धरली. ती शेळ्यांची वाट होती. तिच्या कडेला ओळीने सुटे दगड होते आणि खाली सुकलेल्या नदीचे खोल पात्र. तिने मला टेकले. दगड हलला आणि खाली गेला. तो तळाला पोहोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. पुन्हा टेकले. दुसरा दगड हलला. मी मनात म्हणत होते, बस, खाली बस, एलिशा. ती आणखी एक पाऊल पुढे गेली.

तेवढ्यात खालून हाक आली.

“ए बच्ची! रुको! उधर मत जाओ!”

एक उंच माणूस शेळ्या मागे टाकून वाट चढत येत होता. दाढी, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल, पायात तुटक्या चपला. तो अन्वर होता, पण तेव्हा आम्हांला नाव कुठे माहीत होते? एका स्थानिक कुटुंबाच्या शेळ्या तो राखायचा आणि खाली पत्र्याच्या खोलीत एकटा राहायचा.

एलिशाला अल नहदाच्या लिफ्टमध्ये रोज एक धडा मिळत आला होता. डेझीचा शब्दन् शब्द तिला पाठ होता. अनोळखी माणसाने हाक मारली तर उत्तर द्यायचे नाही. चॉकलेट दिले तरी नाही. मम्मी बोलावते म्हणाला तरी नाही. ती वळली आणि पळत सुटली. वरच्या कुलूपघरापाशी तिचा एक बूट निघाला, मी दारातच हातातून सुटले आणि ती आत अंधारात गडप झाली.

अन्वर धापा टाकत आला. बूट पाहिला, मला पाहिले आणि दारासमोर उकिडवा बसला. “बेटा, बाहर आओ. अंदर बिच्छू होता है. किसके साथ आई हो? अब्बा किधर हैं?”

आत एलिशा आणखी मागे सरकली.

त्याने आणखी दोनदा विचारले. मग त्याला समजले की ती त्यालाच घाबरते आहे. तो चटकन मागे सरला. आपली पाण्याची बाटली त्याने दारापाशी ठेवून बोटाने आत ढकलली. मला उचलून दारासमोरच्या दगडांच्या ढिगात उभे रोवले आणि खालच्या रस्त्यावरून दिसावा म्हणून आपला रुमाल माझ्या हुकाला बांधला. मग दहा पावले दूर जाऊन, दाराकडे पाठ करून तो बसला. त्याच्या फोनलाही तिथे रेंज नव्हती. रेंजसाठी वीस मिनिटे खाली उतरावे लागते. तो दोनदा उठला, वाटेकडे पाहिले आणि परत बसला. मुलीला एकटे सोडून जायचे कसे? खाली शेळ्या पांगत होत्या. तो तिथूनच त्यांना ओरडत होता.

बऱ्याच वेळाने दारातून एक लहान हात आला आणि बाटली आत गेली. अन्वरने मागे वळून पाहिले नाही.

तिकडे चाळीस किलोमीटरवर, पेट्रोल पंपावर, कडक चहा घेताना डेझी चिप्सचे पाकीट घेऊन वासुदेवच्या गाडीपाशी गेली. पाच वाजून सात मिनिटे झाली होती. तिने मागचे दार उघडले. पुढे काय झाले ते गाडीत कुणी कधी पूर्ण सांगितले नाही. एवढेच कळले, की पाकीट तिथेच पडले आणि दोन्ही गाड्या आल्या वाटेने परत फिरल्या.

पाच वाजून चोपन्न मिनिटांनी खाली दिवे दिसले.

अन्वर उठून हात हलवू लागला. गाडीचे दार आपटले. हर्बर्ट उतार चढत आला, धडपडला, पुन्हा उठला. संधिप्रकाशात त्याला काय दिसले? मी त्याच्याच बाजूने सांगते. माझ्यावर फडफडणारे परके कापड. बिळासारखे काळे दार. दारात मुलीचा एक गुलाबी बूट. आणि शेजारी एक अनोळखी माणूस.

त्याने काही विचारले नाही. त्याने मला उपसले.

मित्रांनो, तेहतीस वर्षांत मला कुणी खांद्याच्या वर उचलले नव्हते. धुक्यातल्या त्या कड्यावर मी घाबरले होते, पण तेव्हा मी खाली पडेन अशी भीती होती. आता मी वर होते आणि खाली एक माणूस होता. हर्बर्टची मूठ माझ्याभोवती आवळली आणि त्या मुठीत हर्बर्ट मला ओळखू येईना. समुद्रकाठी म्हाताऱ्या बाईला हात देणारा तो हाच होता. मी त्याच्या हातातून सुटायला सगळे लाकूड पणाला लावले. काठीला सुटता येत नाही.

अन्वरने डावा हात वर केला. घाव त्याच्या मनगटावर बसला. हाडाचा आवाज मला ऐकू आला आणि त्याच क्षणी मीही मधोमध तडकले.

मी पुन्हा वर गेले.

“डॅडी, डोन्ट!” कुलूपघरातून एलिशाचा आवाज आला. “ही गेव्ह मी वॉटर! ही जस्ट सॅट देअर! डॅडी, स्टॉप!”

मी हवेतच राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग हर्बर्टने मला खाली घेतले.

अन्वर मनगट पोटाशी धरून खाली बसला होता. दातांवर दात दाबून तो म्हणाला, “पहले बच्ची को निकालो, साब.”

हर्बर्टने गुडघ्यांवर बसून तिला बाहेर ओढले. मागून डेझी आली आणि तिने मुलीला असे कवटाळले की दोघींतले कोण रडते आहे ते कळेना. वासुदेव आणि अर्चना तनिषला घेऊन पोहोचले. तनिष दूरच उभा राहिला आणि कुणी न विचारता म्हणाला, “आय डिडन्ट लुक फॉर हर. आय जस्ट सेड इट.” वासुदेवने त्याला रागावले नाही. तो हातातल्या फोनकडे पाहत राहिला. वाटेत रेंज आल्यावर अडकलेले दोन्ही संदेश पोहोचले होते. ऑल इन. ऑल इन.

हर्बर्ट मला हातात धरून उभा होता. मला कुठे ठेवावे ते त्याला सुचत नव्हते. शेवटी त्याने मला जमिनीवर आडवे टाकले, अन्वरच्या समोर बसला आणि म्हणाला, “आपका... नाम क्या है?”

“अन्वर.”

“अन्वरभाई, मैंने...”

“डर गए थे आप. मालूम है,” अन्वर म्हणाला. “लेकिन बहुत दुख रहा है, साब.”

त्यांनी पांगलेल्या शेळ्या वाड्यात घातल्या. वासुदेव आणि तनिषने घातल्या, आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हते. मग हर्बर्ट अन्वरला घेऊन खालच्या दवाखान्यात गेला. हाड तडकले होते. कसे लागले, असे डॉक्टरांनी विचारल्यावर अन्वरने दगडावर पडलो असे सांगायला सुरुवात केली. हर्बर्टने त्याला मध्येच थांबवले. “नाही. मी मारलं,” तो आधी मराठीत म्हणाला, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

अन्वरचा हात सहा आठवडे गळ्यात होता. शेळ्यांना रोज खालच्या टाकीतून पाणी न्यावे लागते. बाकीचे दिवस शेजारच्या वाडीवरचा माणूस ते करायचा, शनिवारी हर्बर्ट यायचा. सहाच्या सहा शनिवारी आला. अन्वर खाटेवर बसून त्याला बोलायचा.

“उस काली को पहले पिलाओ, साब, नहीं तो मारती है. अरे, डब्बा ऐसे पकड़ते हैं? हॉटेल में क्या करते हो आप?”

“हॉटेल में बकरी नहीं होती, अन्वरभाई.”

“तभी.”

मला हर्बर्टने त्या दिवसानंतर हात लावला नाही. मी गाडीच्या डिकीत पडून होते. माझी चीर वाढत होती आणि मला खात्री होती की आता मला मोडून टाकतील. माझी त्याला हरकतही नव्हती. सहाव्या शनिवारी एलिशाही आली. तिने मला डिकीतून काढले, अन्वरच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत टेकत नेले आणि त्याच्यापुढे धरले. “अंकल, ये आपका,” ती म्हणाली. तिने आयुष्यात हिंदीत पूर्ण बोललेले हे बहुधा पहिलेच वाक्य असेल.

अन्वरने मला लगेच घेतले नाही. त्याने चिरेवर बोट फिरवले, मग आपल्या मनगटावर. मग खोलीतून बारीक तार आणली आणि उजव्या हाताने, दात वापरून, माझ्या कमरेभोवती नऊ वेढे घट्ट आवळले. “अब ठीक है,” तो म्हणाला. “मेरी भी, इसकी भी.”

आता मी तिथेच असते. रोज डोंगर चढते. काळ्या शेळीला माझा धाक नाही, आणि मला त्याचे बरे वाटते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे दोन गोष्टींचे मागणे आहे. गाडी सुटण्याआधी मागे वळा आणि एकेकाचा चेहरा बघा. अंगठ्यावर आणि संदेशावर विसंबू नका, मग कुणी हसले तरी चालेल. दुसरे मागणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. तुमच्या घरी दारामागे माझ्यासारखी एखादी उभी असेल. तिला पुसा, तेल लावा, डोंगर दाखवा, पण घाबरलेल्या हातात देऊ नका. भीती माणसापेक्षा वेगाने पळते आणि तिच्या हाताला जे लागेल ते ती उचलते.

मला अजूनही भीती वाटते. अंधार पडायच्या वेळी खाली एखादी गाडी थांबते, कुणी अनोळखी वाट चढून वर येते, आणि अन्वरचा हात माझ्यावर घट्ट होतो. ते बरे झालेले मनगट मला जाणवते. मग तो माझे टोक जमिनीत दाबतो आणि लांबूनच विचारतो, “कौन है, भाई? नाम बताओ!”

उत्तर येईपर्यंत मी जमिनीवर टेकलेली असते. तुम्हीही तेवढा वेळ थांबा.